भाचा आणि पोटभाडेकरू

म्युनिकला कुटुंबासह येताय आणि विचारलंय की नातेवाईक घरी राहिले तर घरमालक ‘बेकायदा पोटभाडेकरू ठेवलात’ असा आरोप करू शकतो का, आणि केलाच तर उत्तर काय द्यायचं. व्हिसा, विमा वगैरे सरकारी साइटवर मिळेल, ते लिहीत नाही. तुमचा प्रश्न वाचल्यावर मला रात्री झोप आली नाही, म्हणून लिहितोय.

माझा भाचा २०२२ च्या ऑक्टोबरात मास्टर्ससाठी इथे आला. विद्यार्थी वसतिगृहात नंबर लागेना, बाहेर खोली मिळेना. ताईला मी फोनवर म्हटलं होतं, “मामाचं घर असताना काळजी कसली?” तो हॉलमधल्या सोफ्यावर झोपायचा. इथे राहायला आल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो, त्यासाठी जागा देणाऱ्याच्या सहीचा कागद लागतो. सही मीच केली. टपालपेटीवर नाव नसेल तर पत्र परत जातं, म्हणून मुलीच्या वहीचं पान फाडून त्याचं आडनाव लिहिलं आणि आमच्या नावाखाली सेलोटेपने चिकटवलं. तीच चिठ्ठी मालकांनी पाहिली.

डिसेंबरात रजिस्टर पत्र आलं. त्याला इथे ‘आबमानुंग’ म्हणतात, म्हणजे लेखी ताकीद. परवानगी न घेता तिसऱ्या माणसाला जागा दिलीत, चौदा दिवसांत थांबवा, नाहीतर घर सोडावं लागेल. हे घर मिळायला आम्हाला सात महिने लागले होते, मुलगी नुकतीच पहिलीत गेली होती. मी घाबरलो. रात्री साडेअकराला मालकांना ईमेल केला: आम्ही त्याच्याकडून एक पैसाही घेतलेला नाही.

हे उत्तर पुरत नाही. नवरा-बायको, मुलं, आई-वडील यांना घरात घ्यायला परवानगी लागत नाही, फक्त मालकाला कळवायचं आणि घरात दाटी होऊ द्यायची नाही. तुमचे आई-बाबा नव्वद दिवसांच्या व्हिसावर आले तर खुशाल राहू द्या. भाऊ, बहीण, भाचा, पुतण्या यांचं तसं नाही. साधारण सहा-आठ आठवडे तो पाहुणा धरला जातो, त्यापुढे परवानगी हवी, मग भाडं घ्या की न घ्या. आपल्याकडे भाचा परका कसा, हे मालकाला समजावत बसू नका.

पण मला तेव्हा माहीत नव्हतं ते हे: जर्मन नागरी कायद्याच्या कलम ५५३ प्रमाणे, करार झाल्यानंतर तुमची खरी गरज निर्माण झाली असेल, तर घराचा काही भाग दुसऱ्याला वापरायला देण्याची परवानगी तुम्ही हक्काने मागू शकता. मालकालाही ती नाकारायला सबळ कारण लागतं. म्हणून पत्र आलं की आधी भाडेकरू संघटनेत जा. तिला मीटरफेराइन म्हणतात. आल्या आल्या सभासद व्हा, कारण सभासदत्वासोबतचा कोर्टखर्चाचा विमा बहुधा काही महिन्यांनी लागू होतो. मग मुदतीच्या आत लेखी उत्तर द्या: कोण राहतंय, कुठल्या तारखेपासून, का, आणि त्याच पत्रात परवानगी मागा. पत्र रजिस्टर करा, पावती जपा.

मी यातलं काहीच केलं नाही. बाराव्या दिवशी भाच्याला म्हटलं, “बघ बाबा, काही सोय होते का.” तो एवढंच म्हणाला, “हो मामा.” बर्फात दोन बॅगा घेऊन आउग्सबुर्गला मित्राच्या खोलीत गेला आणि मार्चपर्यंत तिथे जमिनीवर झोपला. जानेवारीत मी संघटनेत गेलो. तिथल्या बाईंनी पत्र वाचून विचारलं, “परवानगी मागितली होती का?”

ताई मला एका शब्दाने बोलली नाही. त्या दिवाळीला तिने आम्हा दोघांचा फराळ एकाच पार्सलमध्ये पाठवला होता. आता दोन पार्सलं येतात.

तुम्हाला असं पत्र आलं तर त्या रात्री कुणालाच काही लिहू नका. मला कळवा. आपण बसून उत्तर लिहू.