‘चिथावणी’ की ‘डिवचणं’? फुटबॉलच्या नियमपत्रकातला एक शब्द

सोयाबीन निघालं की मोकळ्या वावरात फुटबॉलची स्पर्धा भरवणाऱ्या यवतमाळ जिल्ह्यातल्या एका मंडळाचा प्रश्न असा: नियमपत्रकात ‘शाब्दिक चिथावणी देणारा खेळाडू बाद केला जाईल’ असं छापायचं आहे. हे मराठी बरोबर आहे का? आणि मोठ्या, पैसे घेऊन खेळल्या जाणाऱ्या फुटबॉलमध्ये नुसत्या बोलण्याला खरंच शिक्षा असते का?

आधी ‘बाद’ काढून टाका. बाद होतात ते क्रिकेटमध्ये, कबड्डीत, खो-खोत. फुटबॉलमध्ये लाल कार्ड दाखवून बाहेर काढतात आणि त्याच्या जागी दुसरा उतरवता येत नाही. ‘बाद’ वाचून कोणी तरी बदली खेळाडू मागणारच.

आता ‘चिथावणी’. या शब्दात माणसं तीन लागतात: चिथावणारा, चिथावला जाणारा आणि ज्याच्या अंगावर त्याला सोडायचं तो. ‘त्यानं पोरांना चिथावलं’ म्हटलं की ‘कोणाविरुद्ध?’ हा प्रश्न आपसूक येतो. चिथावणीखोर भाषण करणारा स्वतः दगड उचलत नाही, दुसऱ्याच्या हाती देतो. कळ लावणं, काडी लावणं, आपल्याकडचं ‘काड्या करणं’ ही सगळी याच घरातली मंडळी. आता मैदान पाहा. बचावपटू स्ट्रायकरच्या कानाशी लागून पुटपुटतो, ‘तुह्यानं नाही होत बे, घरी जाय.’ इथं तिसरा कोणी नाही. जो भडकावा असं वाटतं, त्यालाच बोललं जातंय. मराठीत याला डिवचणं म्हणतात. वर्तमानपत्रं दोन्हीकडे ‘चिथावणी’ वापरतात, म्हणून ती चूक म्हणवत नाही. पण नियमात शब्द सैल पडला की त्यातून माणूस निसटतो.

‘चिथावणी’ला मैदानावर खरी जागा आहे ती रेषेबाहेर. प्रशिक्षक ओरडतो, ‘त्या सातवाल्याले पाड, मंग पाहू!’ ही अस्सल चिथावणी, तिन्ही माणसं हजर. २०१९ पासून रेफरी बाकावरच्या प्रशिक्षक-मदतनिसांनाही पिवळं (ताकिदीचं) किंवा लाल कार्ड दाखवू शकतो. कोण ओरडलं ते कळलं नाही, तर कार्ड तिथं असलेल्या मुख्य प्रशिक्षकाच्या नावावर जातं. बाकावर सहा जण बसवून ‘मी नाही बोललो’ म्हणण्याची सोय त्यामुळे राहिलेली नाही.

डिवचणं म्हणजे मुळात टोकदार वस्तूनं टोचणं. साप डिवचतात, आग्या मोहोळ डिवचतात, भरत आलेली जखम डिवचतात. तुतारीच्या, म्हणजे बैल हाकायच्या काठीच्या, टोकाची आर बैलाला लावतात तेव्हा त्याला जखमी करायचं नसतं, तो उसळावा एवढंच हवं असतं. (शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, सरकारी नियमांत काठी, चाबूक, टोचणी यांना बंदी आहे.) म्हणजे डिवचण्याचं यश समोरच्याच्या उसळण्यात आहे, आणि नियम लिहिणाऱ्याची अडचण तिथंच. तोच टोमणा एकाला हसवतो, दुसऱ्याचं डोकं फिरवतो. समोरचा किती उसळला यावर शिक्षा ठरवली, तर शांत डोक्याच्या खेळाडूला डिवचणारा सुटेल आणि तापटाला डिवचणारा अडकेल. वर नाटकं करणाऱ्यांना आयतंच रान मिळेल.

म्हणूनच फुटबॉलच्या सतरा नियमांपैकी बारावा नियम उसळण्याकडे पाहत नाही, बोलण्याची जात पाहतो. अपमानकारक, घाण किंवा शिवराळ भाषा अथवा तशी कृती असेल तर थेट लाल कार्ड. चेंडू खेळात असताना किंवा खेळ पुन्हा सुरू होताना बोलून प्रतिस्पर्ध्याचं लक्ष उडवलं तर पिवळं. मागून ‘सोड, माझा!’ असं ओरडून समोरच्याला फसवणं यात येतं. रेफरीच्या निर्णयावर शब्दानं किंवा कृतीनं नाराजी दाखवली तरी पिवळं. गोल केल्यावर समोरच्यांना खिजवणारे, प्रक्षोभक हावभाव केले तरी पिवळंच. अशा शाब्दिक गुन्ह्यासाठी खेळ थांबवला असेल, तर तो अप्रत्यक्ष फ्री किकनं (जिच्यावरून थेट गोल धरत नाहीत) सुरू होतो. बचावपटूनं स्वतःच्या पेनल्टी क्षेत्रात शिवी दिली तरी पेनल्टी मिळत नाही. पण त्या शिवीवर चिडून स्ट्रायकरनं ठोसा मारला, तर लाल कार्ड स्ट्रायकरला, आणि ‘यानं आधी शिवी दिली’ हे सांगून ते मागं घेतलं जात नाही. गावच्या सामन्यात भांडण पेटतं ते बहुतेक इथंच.

नुसत्या बोलण्याला शिक्षा असते का, याचं सगळ्यात ठसठशीत उत्तर २००६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात आहे. ९ जुलै, बर्लिन, ११० वं मिनिट. फ्रान्सच्या झिनेदिन झिदाननं इटलीच्या मार्को मातेराझ्झीच्या छातीत डोकं हाणलं आणि तो लाल कार्ड घेऊन बाहेर गेला. मातेराझ्झी मैदानातच राहिला आणि इटलीनं पेनल्टींवर चषक नेला. तो बहिणीवरून बोलला होता, हे पुढे त्यानं स्वतःच सांगितलं. पण हिशेब तिथं मिटला नाही. अकरा दिवसांनी फिफानं, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेनं, झिदानला ३ सामन्यांची बंदी आणि ७,५०० स्विस फ्रँक दंड केला, आणि मातेराझ्झीला २ सामने आणि ५,००० फ्रँक. झिदान निवृत्त झालेला, म्हणून बंदीऐवजी त्यानं तीन दिवस समाजसेवा केली. हात न लावता, नुसत्या तोंडासाठी दोन सामने. डोकं हाणणाऱ्याला तीन. तराजूत शब्द एवढा जड भरला. मैदानावर मात्र तो कोणाच्या कानी पडला नाही म्हणून फुकट गेला.

त्यामुळे नियमपत्रकात शब्दांच्या पायऱ्या वेगळ्या ठेवा. टोमणा मारणं, खिजवणं, चिडवणं याला रेफरीची समज पुरे. हे रोखायला गेलात तर सामना मुक्यांचा होईल. ‘हिणवणं’ एक पायरी वर: त्यात माणसाला कमी लेखलं जातं, त्याच्या रूपावरून, गरिबीवरून. आईबहिणीवरून आलं की ती शिवीगाळ, तिथं लाल कार्ड. ‘शेरेबाजी’ हा शब्द प्रेक्षकांसाठी राखून ठेवा, मराठी क्रीडापानांवर तो तसाच रुळला आहे.

सगळ्यात वरची पायरी जातीची, आणि ती मंडळाच्या हातातली नाहीच. दलित किंवा आदिवासी खेळाडूला त्या समाजाबाहेरच्या कोणी चारचौघांसमोर जातीवरून शिवी दिली, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागतो, शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं. वावरातलं मैदान चारचौघांतच येतं. ‘दोघांना हात मिळवायला लावू, मिटवून टाकू’ हे तिथं चालत नाही. फिफाची संहिताही वंश, रंग, धर्म यांवरून अपमान केला तर किमान दहा सामन्यांची बंदी सांगते.

काही मंडळं बंदी घातलेल्या शब्दांची यादी छापतात. ते करू नका. ‘बे’च घ्या. वऱ्हाडात, नागपूरकडे दोस्त दोस्ताला ‘काय बे’ म्हणतो, पुण्याकडच्या ‘काय रे’सारखं. तेच अनोळखी खेळाडूला, वयानं मोठ्या रेफरीला म्हटलं तर इथंही उर्मटपणाच. शब्द एकच, नातं वेगळं. फुटबॉलनं हा पेच मोठ्या पातळीवर सोडवला आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबचा उरुग्वेयन खेळाडू लुईस सुआरेझ मँचेस्टर युनायटेडच्या पॅट्रिस एव्हराशी स्पॅनिशमधून भांडला, ‘नेग्रो’ (काळा) म्हणाला. उरुग्वेत हा शब्द लाडानंही वापरतात, असा त्याचा बचाव. इंग्लंडच्या संघटनेच्या चौकशी मंडळानं चक्क भाषेच्या दोन तज्ज्ञांना विचारलं. त्यांचं म्हणणं: शब्द आपुलकीचा असू शकतो, पण एव्हरा सांगतो तसा भांडणात वापरला असेल तर उरुग्वेतही तो अपमानच. सुआरेझला ८ सामने बंदी आणि ४०,००० पौंड दंड झाला. २०२० मध्ये मँचेस्टर युनायटेडच्या, उरुग्वेच्याच एडिन्सन कावानीनं मित्राला आभार मानताना समाजमाध्यमावर ‘नेग्रितो’ लिहिलं, त्याला ३ सामने आणि १ लाख पौंड. तिथं भांडण नव्हतं, आणि उरुग्वेच्या भाषा अकादमीनं या निकालावर जाहीर आक्षेप घेतला. तो आक्षेप पटण्यासारखा आहे: पहिल्या वेळी नातं पाहिलं, दुसऱ्या वेळी नुसता शब्द.

रेफरीच्या अहवालात म्हणूनच ‘शिवीगाळ केली’ एवढं पुरत नाही. कोण, कोणाला, कितव्या मिनिटाला आणि नेमके कोणते शब्द, जसेच्या तसे, वऱ्हाडी असतील तर वऱ्हाडीत. ‘अर्वाच्य भाषा वापरली’ असं सोज्वळ लिहिलं की दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत तो ‘मी फक्त बे म्हटलं’ सांगून मोकळा होतो. स्वतः न ऐकलेलं रेफरीनं लिहू नये. लाइनमननं ऐकलं असेल तर त्याच्या नावानं लिहावं.

मग नियमपत्रकात असं छापता येईल: ‘प्रतिस्पर्धी, सहकारी, पंच किंवा प्रेक्षक यांना उद्देशून अपमानकारक किंवा शिवराळ भाषा वापरणाऱ्या खेळाडूला लाल कार्ड दाखवून बाहेर काढले जाईल. बोलून प्रतिस्पर्ध्याचे लक्ष विचलित करणाऱ्यास पिवळे कार्ड. खेळाडूंना मारहाणीची चिथावणी देणाऱ्या प्रशिक्षकास लाल कार्ड.’ ‘पंच’ म्हणा की ‘रेफरी’, दोन्ही चालतील. फक्त एका पानावर एकच ठेवा.