बेळगावात राहून रोड आणि ट्रॅक दोन्हीला एकच गाडी, कुठली घ्यावी?

तुम्ही विचारलंय की बजेट ५० लाखांच्या आसपास, रोज बेळगावात चालवायची, महिन्यातून एकदा गोवा, आणि वर्षातून तीन-चार वेळा रेसिंगच्या ट्रॅकवर न्यायची, तर फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय, स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस, सेकंडहँड बीएमडब्ल्यू एम३४०आय की फोक्सवॅगनचीच व्हर्टस जीटी, ह्यातली कुठली. व्हर्टसचं नाव तुम्ही शेवटी कंसात टाकलंय, जरा लाजल्यासारखं. मी असतो तर ती कंसातलीच घेतली असती. का ते सांगतो, थोडं लांबेल.

माझी ओळख एवढीच की बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत छोटं मशीन शॉप आहे, शेजारच्या फाउंड्रीतनं कास्टिंग येतं ते आम्ही टर्निंग करून देतो, आणि एक जुनी पोलो जीटी टीएसआय आहे ती घेऊन मी ट्रॅकला जातो. रेसर वगैरे नाही, चाळिशी ओलांडलीय, घरचे म्हणतात ह्याला खूळ लागलंय.

गाडीच्या आधी ट्रॅक कुठं आहे ते बघा की. आपल्याला जवळ म्हणजे कोल्हापूरचा मोहितेंचा ट्रॅक, पण तो कार्टिंगचा. गाडी घेऊन जायचं तर कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे, जेमतेम २ किलोमीटरचा, सगळा वळणावळणाचा, नाहीतर चेन्नईच्या अलीकडं इरुंगट्टुकोट्टईचा, तो ३.७ किलोमीटरचा. गंमत म्हणजे तो आपल्याच हायवेवर आहे, काकतीवरनं जो एनएच ४८ जातो तोच सरळ धरला की बेंगळुरू, वेल्लोर करत ट्रॅकच्या दारात. फक्त मधे आठशे किलोमीटर आहेत. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, जिथं २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झाली, ५.१२५ किलोमीटरचा, तो स्वप्नात ठेवा.

म्हणजे हिशेब काय झाला बघा. शुक्रवारी पहाटे निघायचं, दावणगेरेला बेण्णे दोसा खायचा, रात्री मुक्काम, शनिवार-रविवार गाडी रगडायची, आणि त्याच गाडीतनं तेवढंच अंतर परत यायचं. ट्रेलरवर गाडी टाकून नेणारे लोक वेगळे, त्यांना हा प्रश्नच पडत नाही. आपल्यासाठी ट्रॅकची गाडी म्हणजे जी ट्रॅकवरनं स्वतःच्या चाकांवर घरी येते ती.

आता माझीच फजिती ऐका. कारीला पहिल्यांदा गेलो तेव्हा मी तयारी म्हणून काय केलं, तर गाडी धुतली आणि हवा भरली. सकाळचे दोन सेशन मस्त गेले, आपण जन्मजात ड्रायव्हर आहोत असं वाटायला लागलं. तिसऱ्या सेशनला पाचवा का सहावा लॅप असेल, सरळ रस्त्याच्या शेवटाला ब्रेक दाबला तर पाय आत गेला तो गेलाच, खाली काही अडतच नाही. चिखलात पाय गेल्यासारखं. दोनदा पंप मारला तेव्हा कुठं थोडं धरलं, गिअर खाली टाकले आणि वळण सोडून सरळ गवतात. काही लागलं नाही, गाडीलाही आणि मलाही. दार उघडलं तर वास, आमच्याकडं ग्राइंडिंग व्हील जॉबवर दाबून धरलं की येतो ना तस्साच. परत आल्यावर अनगोळच्या आमच्या मेकॅनिकनं एकच प्रश्न विचारला, ब्रेक ऑइल कधी बदललेलंस? मला आठवेना. तो म्हणाला, मर्दा, इंजिन ऑइल वेळेच्या आधी बदलतोस आणि ह्याला तीन पावसाळे काढायला लावलास?

त्याचं बरोबर होतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्याकडं जून ते सप्टेंबर हवेत दुसरं काय असतं. डॉट ४ ह्या दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना निदान २३० डिग्रीपर्यंत उकळू नये असा नियम आहे, पण तेच पाणी ओढलेलं असलं की हा आकडा १५५ वर येतो. उकळलं की वाफेचे बुडबुडे, आणि बुडबुडा दाबला जातो, त्यानं ब्रेकचा पॅड डिस्कवर दाबला जात नाही. पेडल तळाला जातं ते असं.

तेव्हापासनं मी गाड्यांची तुलना पीएसमधे, म्हणजे अश्वशक्तीत, करत नाही, उष्णतेत करतो. धंदाच तो आहे आपला. ब्रेकची डिस्क म्हणजे काय, बीडच, ग्रे कास्ट आयर्न, उद्यमबागेत रोज ओततात तेच. त्यातल्या ग्राफाइटच्या पापुद्र्यांमुळं ते उष्णता चांगली वाहून नेतं आणि आवाजही कमी करतं, म्हणून अजून सगळ्या साध्या गाड्यांना तेच लागतं. आता समजा गाडी ड्रायव्हरसकट १३०० किलोची, म्हणजे व्हर्टसच्या आसपास, आणि १५० वरनं ६० वर आणली. त्या एका ब्रेकिंगला साधारण ९५० किलोज्यूल उष्णता तयार होते. त्यातली सत्तर टक्के पुढच्या दोन डिस्कवर, दोन्ही मिळून समजा १४ किलो. एक किलो बीड एक डिग्रीनं तापवायला अर्धा किलोज्यूल लागतो, म्हणजे एका दमात डिस्क ९०-१०० डिग्रीनं वर. आणि निवायच्या आत पुढचं वळण.

आता एम३४०आय घ्या. ३७४ पीएस, ५०० एनएम टॉर्क (म्हणजे ओढ), चारही चाकांना ताकद, ड्रायव्हर धरून १८०० किलोच्या आसपास. ती त्याच सरळ रस्त्याच्या शेवटी १८० ला पोचलेली असणार. १८० वरनं ६०, म्हणजे २००० किलोज्यूल. दुप्पट. वजन दीडपटीपेक्षा कमीच आहे, पण वेगाचा वर्ग होतो ना. तिच्या डिस्क आणि पॅड दाबणारे कॅलिपर मोठे आहेत हे मान्य, पण मग पॅड, डिस्क, टायर सगळ्याचं बिल पण त्याच मापाचं. हायवेवर ती राजा आहे, त्यात वादच नाही, हुबळीपर्यंत तिच्यात बसून गेलो तर उतरावंसं वाटेना. पण आठवड्याच्या शेवटी ट्रॅकवर पॅडचा एक सेट संपवणारी गाडी सेकंडहँडमधे, वॉरंटीशिवाय, असं कराल तर पुढच्या वर्षी तुम्ही ट्रॅकला जाणारच नाही, गाडी पार्किंगमधे आणि तुम्ही हिशेबात.

गोल्फ जीटीआय आणि ऑक्टाव्हिया आरएस, ह्या दोघी सख्ख्या बहिणी. भारतात २०२५ ला आल्या, दोन्हीत तेच २ लिटर टर्बो इंजिन, २६५ पीएस, ३७० एनएम, पुढच्या चाकांना ताकद, डीएसजी हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. ट्रॅकवर गोल्फ जास्त चटपटीत असणार, आखूड आहे. पण मला विचाराल तर ऑक्टाव्हियाची डिकी बघा, ६०० लिटर. हसू नका. ट्रॅकचे टायर वेगळे ठेवणार असाल तर मागचं सीट पाडून चार चाकं, जॅक, टॉर्क रेंच, पॅडचा सेट, पाण्याचा कॅन, सगळं आत जातं, आणि १८-१९ इंची रिमवर ट्रॅकचे ४० प्रोफाइलचे (बाजूची भिंत बुटकी असलेले) पातळ टायर घालून आठशे किलोमीटर जाण्यापेक्षा हे बरं. अडचण पैशाची आहे. लाँचच्या वेळी गोल्फ ५३ लाख आणि ऑक्टाव्हिया ५० ला एक हजार कमी, दोन्ही एक्स-शोरूम. आपल्या कर्नाटकातला रोड टॅक्स तुम्हाला माहीतच आहे, २० लाखांच्या वर १८ टक्के आणि त्याच्यावर सेस. म्हणजे दोन्ही साठीच्या घरात किंवा पुढंच. शिवाय दोन्ही मोजक्याच आणल्या होत्या, मिळेल ती दुसऱ्याची.

आणि हो, कोल्हापूरला नातेवाइकाच्या नावावर एमएच ०९ घेतो आणि इथं फिरवतो, हा आपल्याकडचा लाडका उपाय तुमच्याही डोक्यात असेल. गाडी १२ महिन्यांच्या वर दुसऱ्या राज्यात राहिली की तिथं नोंदणी करावीच लागते, आणि लाल रंगाची जीटीआय टिळकवाडीत लपत नाही.

रस्त्याचं सांगतो, कारण ९५ टक्के वेळ तोच आहे. गोव्याला जाताना लागणारा चोर्ला घाट पावसाळ्यानंतर कसा असतो हे मी लिहायची गरज नाही. व्हर्टसचा ग्राउंड क्लिअरन्स १७९ मिमी आहे, ती चोर्ल्यातनं जाते, आणि पणजीत पोचून तुमच्या तोंडावर हसू असतं. पातळ टायरवाली घेऊन तुम्ही पूर्ण घाट खड्डे वाचतच जाणार. शहरातल्या स्पीड ब्रेकरचा तर एक मापाचा नियम नाही. आणि नोव्हेंबर लागला की ऊस. संध्याकाळी सातला चिकोडी किंवा खानापूर रोडला दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, त्याच्या मागनं तुम्ही ८० नं येताय. तिथं ० ते १०० किती सेकंदांत ह्याला काही किंमत नाही. थांबते किती लवकर, आणि ४० वरनं ८० ला झटकन जाऊन ओव्हरटेक होतो का, एवढंच. व्हर्टसचं १.५ लिटर, १५० पीएस आणि २५० एनएम, तिसऱ्या गिअरला हे काम एवढं सोपं करतं की जास्त ताकदीची आठवण येत नाही. चौपदरीवर कायद्यानं मर्यादा १०० ची आहे, तिथं २६५ पीएस काय आणि ३७४ काय, दोन्ही लगाम ओढूनच धरायचे.

व्हर्टसमधे खोट काय, तर मी २०२३ ची मॅन्युअल चालवली तिला मागं डिस्कऐवजी ड्रम ब्रेक होते. ५० लाखांचा विचार करणाऱ्याला हे खटकणार. मलाही खटकलं. पण पुढच्या चाकांना ताकद असलेल्या गाडीत जोरात ब्रेक मारला की वजन पुढं येतं, मागच्या ब्रेकचं काम थोडंच उरतं, माझी फजिती झाली ती पण पुढच्याच बाजूनं. दुसरं म्हणजे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, म्हणजे एक चाक सुटून फिरायला लागलं की दुसऱ्याला ताकद देणारी यंत्रणा, नाही, त्यामुळं अरुंद वळणातनं लवकर ॲक्सिलरेटर दिला की आतलं पुढचं चाक जागीच फिरतं आणि टायर खातं. पण टायर बदलायचे पैसे तुमच्याकडं उरलेले असतील ना.

माझा सल्ला असा. व्हर्टस जीटी मॅन्युअल, नवी किंवा दोन वर्षं वापरलेली. त्याच्यावर लगेच लाख-दीड लाख घाला पण फक्त ह्यात: चांगले टायर, ट्रॅकचे ब्रेक पॅड, ब्रेक ऑइलच्या स्टील जाळीच्या नळ्या (होज), आणि ताजं ब्रेक ऑइल, जे प्रत्येक ट्रॅकच्या आधी बदलायचं, बाटली उघडली की उरलेली पुढच्या वेळेला ठेवायची नाही. इंजिनचा मॅप, म्हणजे त्याच्या कॉम्प्युटरचं सेटिंग, बदलून २०० पीएस करून देतो म्हणणारे हुबळीपासनं पुण्यापर्यंत भेटतील, पहिलं वर्ष त्यांचं ऐकू नका, तो मॅप म्हणजे फक्त जास्त उष्णता, ती बाहेर टाकायची सोय तेवढीच राहते.

ट्रॅकवर हवा कमी भरून सुरुवात करा, टायर तापले की प्रेशर ६-८ पीएसआयनं वर जातं. चार-पाच लॅप जोरात, मग एक लॅप ब्रेक न लावता हळू, म्हणजे डिस्क निवते. आत आलात की हँडब्रेक ओढू नका, गिअरमधे ठेवा, तापलेलं बीड एका जागी दाबून धरलं की सगळीकडं सारखं निवत नाही, हे मी ड्रायव्हर म्हणून नाही, टर्नर म्हणून सांगतो.

इन्शुरन्सचा कागद काढून वाचा. आपल्याकडच्या खासगी गाडीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात, त्यात ऑर्गनाइज्ड रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग वगळलेलं असतं. म्हणजे भिंतीला लागली तर तुमच्या खिशातनं. वीस लाखांची गाडी भिंतीला लागणं परवडत नाहीच, पण साठ लाखांची लागली तर घरी काय सांगणार?

आणि गाडी यायच्या आधीच एक रविवार कोल्हापूरला जाऊन कार्ट चालवा. दहा मिनिटांत मनगटं दुखायला लागतात आणि ब्रेक कुठं सोडायचा हे पायाला कळतं.

सेकंडहँड घेतलीत तर चाक काढून डिस्क बघा, निळसर झाक असली किंवा बारीक केसासारख्या भेगा असल्या तर ती आधी कधीतरी जबर तापलेली आहे, बहुधा ट्रॅकवरच, मालक काहीही म्हणू दे. आणि डिकीच्या खाली स्पेअर चाकाजवळ टो-हूक आहे का तेवढं बघाच, ट्रॅकवर सोडायच्या आधीच्या तपासणीत तो मागतात आणि जुन्या गाडीत हमखास तोच गायब असतो.