मोठ्या बेटावर झाडांच्या जाती जास्त का असतात?
फक्त आकारामुळे नाही, बेट मोठं असलं की डोंगर, दऱ्या, ओली-कोरडी बाजू असं सगळं त्यात मावतं. ताम्हिणीत धो धो कोसळणारा पाऊस पुण्यात येईपर्यंत भुरभुर होतो आणि झाडं पण बदलतात ना, तसंच हवाईच्या कावाई बेटावर, एकीकडे दाट ओलं जंगल अन् दुसरी बाजू कोरडी. दुसरं म्हणजे अंतर. लांबच्या बेटावर बी पोचणंच अवघड म्हणून जाती कमी, पण जे पोचलं ते एकटं पडून हळूहळू वेगळंच होत जातं, हवाईतली मूळची जवळपास 90 टक्के फुलझाडं जगात दुसरीकडे कुठेच नाहीत! मला तर हेच सगळ्यात भारी वाटतं. आणि आधी कोण पोचतं? इंडोनेशियातलं क्राकाटोआ हे ज्वालामुखीचं बेट 1883 च्या उद्रेकात भाजून निघालं, तिथे 1886 मध्ये बघितलं तर नेचेच (फर्न) जास्त, त्यांचे बीजाणू, म्हणजे बियांऐवजी असणारे धुळीसारखे बारीक कण, वाऱ्यावर येतात म्हणून.