'अतिभार' की 'अधिभार'?

प्रश्न असा आला आहे : खेळाडूंच्या सरावाबद्दलच्या मराठी मजकुरात 'ओव्हरलोड'च्या, म्हणजे सवयीपेक्षा थोडा जास्त भार देण्याच्या, तत्त्वाला कुठे 'अतिभाराचे तत्त्व' म्हटलेले दिसते, कुठे 'अधिभाराचे तत्त्व'. बरोबर कोणते? आणि 'प्रोग्रेसिव्ह ओव्हरलोड'ला काय म्हणावे?

माझे मत आधीच सांगतो. या तत्त्वासाठी 'अतिभार' नको. व्याकरणाच्या दृष्टीने त्यात चूक नाही, पण तो तत्त्वाच्या नेमका उलटा अर्थ सुचवतो.

घोळाचे मूळ इंग्रजी शब्दातच आहे. तिथल्या 'ओव्हर'ला 'च्या वर' आणि 'गरजेपेक्षा जास्त' असे दोन्ही अर्थ आहेत. मराठीत आपल्याला त्यांतला एक निवडावाच लागतो. 'अतिशय', 'अतिसुंदर' यांत 'अति' फक्त प्रमाण वाढवतो, हे खरे. पण कष्ट, ताण, सेवन, पाऊस अशा मोजता येणाऱ्या गोष्टींना लागला की तो हटकून अपायाकडे झुकतो : अतिश्रम, अतिताण, अतिसेवन, अतिवृष्टी. 'अतिभार' वाचणाऱ्याला तो न पेलणारा भारच वाटणार. 'अधि'चा अर्थ 'वर, वाढीव' असा असल्याने 'अधिभार' अर्थाला जवळचा आहे. अडचण एवढीच की हा शब्द बिलातल्या जादा आकारासाठी रुळला आहे. परीक्षेच्या उत्तरात तो चालेल, मैदानावर मात्र कुणाच्या तोंडी बसणार नाही.

आता तत्त्व काय सांगते ते पाहू. शरीराला ज्या भाराची सवय झाली आहे, तेवढ्याच भारावर ते सुधारत नाही. त्याहून थोडा जास्त भार द्यावा लागतो आणि मग सावरायला वेळही. मराठीत यासाठी शब्द आधीपासून आहेत, आणि तेही 'अंगा'वरूनच. भार अंगवळणी पडला की तो वाढवायचा. वाढवलेला भार पुरेशी झोप, आहार आणि विश्रांती मिळाली की अंगी लागतो. एकदम वाढवला तर तो अंगावर येतो. अनुकूलनाचे, म्हणजे शरीराने भाराशी जुळवून घेण्याचे, सगळे चक्र या तीन वाक्प्रचारांत मावते, आणि 'अनुकूलन' हा शब्द न समजणाऱ्या चौदा वर्षांच्या खेळाडूलाही ते कळते.

म्हणून माझी शिफारस 'वाढीव भार', आणि 'प्रोग्रेसिव्ह ओव्हरलोड'साठी 'चढता भार'. शब्द बदलल्याने विचार कसा नेमका होतो याचा एक दाखला याच विषयात आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैन्यातले डॉक्टर थॉमस डिलॉर्म यांनी जखमी सैनिकांसाठी वजनांचे व्यायाम बसवले. १९४५ साली त्यांनी या पद्धतीला 'भारी प्रतिरोधाचे व्यायाम' अशा अर्थाचे नाव दिले होते. तेव्हा प्रत्येकी १० आवर्तनांचे ('रेप') ७ ते १० संच ('सेट') करून घेतले जात. १९४८पर्यंत संच ३ वर आले आणि नावातला 'भारी' जाऊन 'चढता' आला. जे वजन जेमतेम १० वेळा उचलता येते, त्याच्या निम्म्याने पहिला संच, पाऊण वजनाने दुसरा आणि पूर्ण वजनाने तिसरा. दहा आवर्तने सहज व्हायला लागली की वजन वाढवायचे.

'भार' म्हणजे 'वजन' नव्हे, हेही इथेच सांगायला हवे, कारण निम्मे गैरसमज तिथून सुरू होतात. धावपटूचा भार म्हणजे अंतर, वेग, फेऱ्यांची संख्या, मधली विश्रांती आणि आठवड्यातले दिवस. ४०० मीटरच्या ६ फेऱ्या ९० सेकंदांच्या विश्रांतीने होत असतील, तर वेग तोच ठेवून विश्रांती ७५ सेकंदांवर आणणे हासुद्धा वाढीव भारच. एका वेळी एकच गोष्ट वाढवावी. अंतर आणि वेग एकाच आठवड्यात वाढवले की नडगीचे दुखणे मागे लागू शकते, आणि नेमके कशामुळे ते कळतही नाही. स्नायू लवकर बळावतात. कंडरा (स्नायू हाडांना जोडणारे दोर) आणि हाडे मागून येतात. त्यामुळे 'झेपतंय' असे वाटणे आणि खरोखर झेपणे यांत काही आठवड्यांचे अंतर पडू शकते.

वाढ किलोत नाही, टक्क्यांत मोजावी. १०० किलोच्या बैठकीत ('स्क्वॉट') ५ किलो वाढवले तर ५ टक्के, पण २० किलोच्या खांद्याच्या व्यायामात तेच ५ किलो म्हणजे २५ टक्के होतात. एका वेळची वाढ साधारण २ ते १० टक्के असावी. लहान स्नायूंना खालचा आकडा.

मग 'अतिभार' शब्द टाकून द्यायचा का? मुळीच नाही, त्याची खरी जागा वेगळी आहे. प्रशिक्षक कधी कधी जाणूनबुजून काही दिवस झेपण्यापलीकडचा सराव देतात. कामगिरी तेवढ्यापुरती घसरते आणि विश्रांतीनंतर काही दिवसांत, फार तर दोनेक आठवड्यांत, वर येते. याला 'तात्पुरता अतिभार' म्हणणे चपखल बसते. तो आवरला नाही आणि कामगिरी महिनोन्महिने खालीच राहिली, झोप बिघडली, सरावाची ओढच गेली, तर तो 'अतिसराव'. 'वाढीव भार', 'तात्पुरता अतिभार' आणि 'अतिसराव' हे तीन शब्द वेगळे ठेवले तर सरावाच्या वहीतली नोंद वाचूनच खेळाडू कुठे उभा आहे ते कळते.

जाता जाता : 'रिव्हर्सिबिलिटी'साठी 'व्युत्क्रमणीयता' असा शब्द कुणी योजला तर त्याला आवर्जून विरोध करावा. शरीर आपण कमावतो, आणि सराव थांबला की कमावलेले ओसरते. 'ओसरण्याचे तत्त्व' पुरेसे आहे. 'सेट'ला 'संच' आणि 'रेप'ला 'आवर्तन' चांगले शब्द आहेत, पण बोलताना 'सेट' म्हटल्याने काही बिघडत नाही.

वेळापत्रकात नुसते 'भार वाढवा' असे लिहू नये. काय, केव्हा आणि किती ते लिहावे. उदाहरणार्थ : 'बैठक, ६० किलो, ८ आवर्तनांचे ३ संच. सलग दोन सत्रांत शेवटच्या संचात १० आवर्तने नीट झाली, तर पुढच्या सत्रापासून ६२.५ किलो.'