अमेरिकन गायिका ऑलिव्हिया रॉड्रिगोचा ‘सावर’ (Sour) हा अल्बम ११ वर्षांच्या मुलीला ऐकू द्यावा का?

द्या, पण आधी तुम्ही एकदा ऐका. सगळा अल्बम जेमतेम ३५ मिनिटांचा आहे, ११ गाणी.

घोळ असा होतो की ऑलिव्हिया मुलांना डिस्नेच्या मालिकांमधून माहीत असते, त्यामुळे आईवडील निर्धास्त असतात. मे २०२१ मध्ये हा पहिला अल्बम आला तेव्हा ती १८ वर्षांची होती आणि गाणीही त्याच वयाची आहेत. ‘ब्रूटल’, ‘ड्रायव्हर्स लायसन्स’ आणि ‘गुड फॉर यू’मध्ये इंग्रजीतली ‘एफ’ने सुरू होणारी ती ठरलेली शिवी सरळ येते. अंगप्रदर्शन किंवा दारू-पार्ट्यांचा गौरव असला प्रकार मात्र नाही. बहुतेक गाणी प्रेमभंगाची: रडणं, चिडणं, ‘तिच्यात काय आहे जे माझ्यात नाही’ हे.

मला स्वतःला शिवीपेक्षा हा सूर जास्त विचारात घेण्यासारखा वाटतो. सहावीतल्या मुलीला प्रेमभंग कळणार नाही, पण ‘मी कुणाच्या तोडीची नाही’ हे मात्र नक्की कळतं. म्हणूनच ‘जेलसी, जेलसी’ तिच्यासोबत बसून ऐका. फोनवर इतरांचे फोटो बघून स्वतःला कमी लेखणं, हाच त्याचा विषय. शेवटचं ‘होप यू आर ओके’ घरच्यांनी दुखावलेल्या मित्रमैत्रिणींबद्दल आहे. त्यावर ती प्रश्न विचारेल, उत्तर तयार ठेवा.

शिव्या नकोच असतील तर गाण्याच्या नावाशेजारी इंग्रजी ‘ई’ अक्षराची खूण बघा. बऱ्याच अ‍ॅपांच्या सेटिंगमध्ये अशी गाणी बंद करता येतात. (शाळेच्या बसमध्ये तिने ती आधीच ऐकलेली असणार, ते वेगळं.)