तीन पिनांचे फॅन चार पिनांच्या हेडरवर चालतात का? आणि ते सारखे फुल स्पीडने का फिरतात?

तुमच्या कॅबिनेटसोबत आलेले तिन्ही फॅन तीन पिनांचे, मदरबोर्डावर सिस्टीम फॅनची हेडर (फॅनचा प्लग जिथे बसतो त्या पिना) दोनच आणि तीही चार पिनांची. दोन फॅन लावले तर ते घोंगावतायत आणि तिसरा तसाच पडून आहे. बरोबर ना?

लावलेत ते योग्यच लावलेत. हेडरला एका बाजूला प्लास्टिकची जीभ असते, त्यामुळे प्लग उलटा बसत नाही. चौथी पिन मोकळी राहते, राहू द्या.

आवाजाचं मूळ मात्र त्या मोकळ्या पिनेतच आहे. पहिल्या तीन पिना म्हणजे ग्राउंड, 12 व्होल्ट आणि फॅन किती वेगाने फिरतोय हे बोर्डाला कळवणारी. चौथीवरून पीडब्ल्यूएमचा, म्हणजे वेग कमी-जास्त करायला सांगणारा, सिग्नल जातो. हेडर पीडब्ल्यूएम मोडवर असेल तर बोर्ड 12 व्होल्ट कायम सोडतो आणि 'हळू फिर' हे फक्त चौथ्या पिनेवरून सांगतो. तुमच्या फॅनला ती तारच नाही, मग ऐकणार कोण? माझ्याकडे हेच झालं तेव्हा मी बेअरिंग गेलं समजून नवा फॅन आणला. तोही तीन पिनांचा. तोही तसाच ओरडला.

पीसी सुरू होताना डिलीट किंवा एफ2 दाबून बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जा आणि फॅनच्या सेटिंगमध्ये त्या हेडरचा मोड डीसी करा. असुसवर हे क्यू-फॅनमध्ये सापडेल, गिगाबाइटवर स्मार्ट फॅनमध्ये. 'ऑटो'वर विसंबू नका, ते कधीकधी चुकतं. डीसीवर बोर्ड थेट व्होल्टेज कमी करतो. पण फार खाली नेऊ नका. मी हौसेने 30 टक्के ठेवलं, तर फॅनचं पातं जागच्या जागी नुसतं थरथरायचं. 40 वर आणल्यावर फिरू लागलं.

त्याच पानावर आणखी एक गोष्ट बघा. कॅबिनेटचे फॅन बऱ्याचदा प्रोसेसरच्या तापमानावर बांधलेले असतात. ब्राउझर उघडला की ते दोन सेकंद उसळतं, फॅन भुर्रकन वाढतो, परत शांत होतो. दिवसभर हे ऐकून डोकं उठतं. ह्या फॅनचं काम आतली गरम हवा हलवण्याचं, तेव्हा तापमानाचा सोर्स मदरबोर्ड किंवा सिस्टीम निवडा.

तिसऱ्यासाठी स्प्लिटर (एका हेडरवर दोन फॅन जोडणारी तार) घ्या, स्वस्तात मिळतो. एक हेडर साधारण 1 अँपिअर देतो (मॅन्युअलमध्ये खात्री करा). फॅनच्या मधल्या स्टिकरवर 0.2 अँपिअरच्या आसपास आकडा असेल, म्हणजे दोन आरामात चालतील. आरपीएम (मिनिटाला किती फेरे) मात्र एकाचाच दिसेल, दुसरा बिघडला असं समजू नका. दुकानदार मोलेक्सचा अडॅप्टर पुढे करेल, तो नको. थेट पॉवर सप्लायवर गेलेला फॅन बोर्डाच्या हातात राहत नाही. सीपीयू फॅनचं हेडरही प्रोसेसरच्या कूलरलाच ठेवा.

दिव्यांचे फॅन असतील तर दिव्यांची तार वेगळी असते. 5 व्होल्टवाली 12 व्होल्टच्या हेडरवर जोर लावून बसवलीत तर दिवे गेले.

तिसरा फॅन मागे लावा, हवा बाहेर फेकणारा. फॅनच्या ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या काड्या असतात, तिकडून हवा निघते.

सेटिंगमध्ये डीसी दिसतच नसेल तर बोर्डाचा मॉडेल लिहा, काही स्वस्त बोर्डांत सगळ्या हेडरना ती सोय नसते.