आधी वाट, मग कुलूप

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी खासगी, कुलूपबंद वाट) शिकायला एन्क्रिप्शनपासून, म्हणजे त्या कुलपापासून, सुरुवात करू का, असं तू विचारलंस. मी म्हणेन, आधी राउटिंग टेबल, म्हणजे कोणत्या पत्त्याकडे कोणत्या वाटेने जायचं याची यादी, वाचायला शीक. एन्क्रिप्शन कितीही भक्कम असलं तरी ते टनेलमध्ये (व्हीपीएनच्या त्या बंद वाटेत) शिरलेल्या पॅकेटलाच (माहितीच्या तुकड्यालाच) मिळतं. कोणतं पॅकेट आत शिरणार, हे ठरवतं ते टेबल.

त्यातला एकच नियम आधी पक्का कर: पत्त्याशी जुळणाऱ्या नोंदींपैकी सर्वांत लांब प्रिफिक्सची नोंद जिंकते (प्रिफिक्स म्हणजे पत्त्याचा सुरुवातीचा ठरलेला भाग; '/' नंतरचा आकडा ही त्याची बिटांमधली लांबी). फेब्रुवारी २००८ मध्ये पाकिस्तान टेलिकॉमने देशात यूट्यूब बंद करण्यासाठी २०८.६५.१५३.०/२४ हा मार्ग घातला आणि तो बीजीपीतून (नेटवर्क एकमेकांना मार्ग कळवतात त्या पद्धतीतून) बाहेर पसरला. यूट्यूब स्वतः /२२ जाहीर करत होतं. /२४ जास्त नेमका, म्हणून जगभरचे राउटर तिकडे वळले आणि यूट्यूब सुमारे दोन तास अनेकांना मिळेना. कुणी कसलंही कुलूप फोडलं नव्हतं. राउटर अगदी नियमाने वागले होते.

हाच नियम तुझ्या लॅपटॉपवरही चालतो. सगळी रहदारी टनेलकडे वळवायची असेल तर ओपनव्हीपीएन हे सॉफ्टवेअर बहुधा जुना डिफॉल्ट रूट (दुसरी नोंद जुळली नाही तर लागणारी ०.०.०.०/० ही नोंद) तसाच ठेवतं आणि ०.०.०.०/१ व १२८.०.०.०/१ अशा दोन नोंदी घालतं; दोन्ही मिळून सगळे पत्ते येतात. /० पेक्षा /१ लांब, काम झालं! पण २०२४ मध्ये उघड झालेल्या टनेलव्हिजन हल्ल्याने त्यावर वरताण केली. त्याच नेटवर्कवर बसलेला हल्लेखोर डीएचसीपीच्या (नेटवर्कला जोडल्यावर लॅपटॉपला पत्ता देणाऱ्या सेवेच्या) ऑप्शन १२१ मधून, म्हणजे मार्ग कळवण्याच्या सोयीतून, आणखी लांब प्रिफिक्सचे मार्ग लॅपटॉपच्या गळ्यात घालतो. पडद्यावर 'कनेक्टेड' दिसत राहतं, एन्क्रिप्शनच्या किल्ल्या शाबूत असतात आणि पॅकेटं टनेलबाहेरून निघून जातात. म्हणून फायरवॉलमध्ये नियम घाल, की वायफाय किंवा केबलच्या इंटरफेसवरून (लॅपटॉपच्या त्या जोडणीवरून) डीएचसीपी आणि व्हीपीएन सर्व्हरची रहदारी सोडून काहीही बाहेर पडणार नाही. ऑप्शन १२१ वापरत नसल्यामुळे अँड्रॉइड यातून वाचलं, हेही लक्षात ठेव.

मी स्वतः एकदा आयपीव्ही४ (इंटरनेट पत्त्यांची जुनी पद्धत) टनेलमध्ये घातलं आणि आयपीव्ही६ (नवी पद्धत) विसरलो. टीसीपीडम्प (जाणारी-येणारी पॅकेटं दाखवणारं साधन) लावला तेव्हा निम्मी रहदारी उघड्यावर दिसली. ती रुखरुख अजून गेलेली नाही.

वायरगार्ड हे व्हीपीएन मला आवडतं ते याचसाठी. जेसन डोनेनफेल्ड यांनी लिहिलेलं हे टनेल २०२० मध्ये लिनक्स कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.६ मध्ये आलं. त्यातली 'अलाउड आयपीज' ही एक ओळ दोन कामं करते: जाताना पॅकेट कोणत्या पीअरचं (टनेलच्या पलीकडच्या यंत्राचं) ते ठरवते आणि येताना त्या पीअरकडून कोणते उगमपत्ते स्वीकारायचे तेही. वाट आणि किल्ली एकाच जागी लिहिलेली असते. पण पॅकेट वायरगार्डच्या इंटरफेसपर्यंत आणायचं काम तिथेही राउटिंग टेबलच करतं, हे विसरू नकोस.

या आठवड्यात टनेल चालू ठेवून लिनक्सवर 'आयपी रूट गेट' (ip route get) ही कमांड चालव, ती त्या पत्त्यासाठी निवडलेली वाट दाखवते: एकदा बाहेरच्या पत्त्यासाठी, एकदा घरच्या प्रिंटरसाठी, एकदा डीएनएस सर्व्हरसाठी (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरसाठी). प्रत्येक वेळी कोणता इंटरफेस येतो आणि का, ते लिहून पाठव. आयपीव्ही६चंही पाठव.

तुझा,
काका